थंड पाण्याची आंघोळ आणि सुटणाऱ्या गोळ्या

हिवाळा लागला की आपल्या मराठवाड्यातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: रोज पहाटे पाच मिनिटं थंड पाण्याच्या शॉवरखाली उभं राहा. सर्दी-खोकला होणार नाही, डोपामिन (मेंदूतलं तरतरी आणणारं रसायन) २५० टक्क्यांनी वाढेल, वजन आणि शुगर उतरेल, बीपी कायमचा जाईल. हे आयुर्वेदात सांगितलंय, परदेशातही सिद्ध झालंय. गरम पाणी बंद करा, गोळ्या आपोआप सुटतील.

या शेवटच्या वाक्यासाठी मी हे लिहायला बसले. नात्यातल्या एका मामांनी, वय सत्तरीच्या पुढं, हा मेसेज वाचून बीपीची गोळी बंद केली आणि जानेवारीत पहाटे हौदातलं पाणी डोक्यावर घ्यायला सुरुवात केली. घरच्यांच्या वेळेत लक्षात आलं म्हणून बरं.

म्हणून आधी बीपीचंच बघू. थंड पाणी अंगावर पडलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि तेवढंच रक्त अरुंद वाटेनं ढकलायला हृदयाला जोर लावावा लागतो. बीपी त्या क्षणी वाढतो. हे इतकं पक्कं आहे की डॉक्टरांकडं याची एक जुनी चाचणीच आहे: माणसाचा हात बर्फाच्या पाण्यात मिनिटभर बुडवायचा आणि बीपी किती चढतो ते मोजायचं. जे पाणी बीपी चढवून बघायला वापरतात, तेच तो कायमचा घालवतं असं मेसेज सांगतोय. पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास अडकल्यासारखा होतो, धाप लागते, छाती धडधडते; दोन-तीन मिनिटांत हे ओसरतं. रोज सवय केली तर हा झटका कमी बसतो, हेही खरं. पण झटका कमी बसणं वेगळं आणि बीपीचा आजार जाणं वेगळं. ज्यांना बीपी आहे, अँजिओप्लास्टी झालीय, पूर्वी लकवा मारून गेलाय, त्यांच्यासाठी तो पहिला अर्धा मिनिटच धोक्याचा असतो. वर हिवाळ्यात बीपी तसाही थोडा चढाच राहतो. गोळी सोडायला याहून वाईट महिना शोधून सापडायचा नाही.

आता सर्दी-खोकला. याच्या मागं खरा अभ्यास आहे, नेदरलँड्समधला, २०१६ साली छापलेला. तीन हजारांवर माणसं होती आणि थंड पाण्याच्या गटांनी महिनाभर रोज शॉवर घेतला. त्यांच्या कामावरच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या. मेसेज इथंच थांबतो. पुढचं असं की आजारी असण्याचे दिवस काही कमी झाले नाहीत. माणसं आजारी तेवढीच पडली, फक्त कामावर जात राहिली. शिवाय ही माणसं आधी गरम पाण्यानंच अंघोळ करत आणि शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद थंड पाणी घेत. ३० सेकंदवाल्यांत आणि ९० सेकंदवाल्यांत फरक निघाला नाही, मग पाच मिनिटं आली कुठून? ‘गरम पाणी बंद करा’ हे तर त्या अभ्यासाच्या अगदी उलट आहे. आणि गंभीर आजार असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं.

तिथलं थंड पाणी होतं १० ते १२ अंशांचं. आपल्याकडं बोअरचं पाणी बाराही महिने २५ अंशांच्या आसपास असतं, म्हणून तर डिसेंबरात पहाटे मोटार चालू केली की धारेतून वाफ निघते. तेच पाणी रात्रभर गच्चीवरच्या टाकीत राहिलं, आणि परभणीत पारा पाच-सहा अंशांवर आला, की सकाळी हाडं गोठवतं. एकाच घरात दोन थंड पाणी. मेसेज दोघांनाही एकच फायदा चिकटवतो.

डोपामिनचा २५० टक्क्यांचा आकडा खोटा नाही. तो २००० साली छापलेल्या एका चेक प्रयोगातला आहे. त्यात तरुण माणसांना १४ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवलं होतं, तासभर. बादली-तांब्याच्या आंघोळीला तो आकडा लावता येत नाही. शुगरचंही तसंच: टाइप-२ डायबेटिसच्या आठ जणांना दहा दिवस, रोज सहा तासांपर्यंत, १४-१५ अंशांच्या गार खोलीत ठेवल्यावर त्यांचं इन्सुलिन चांगलं काम करू लागलं. आंघोळीचा त्यात संबंध नव्हता. वजनाबद्दल वेगळं बोलण्यासारखं काही नाही. मिनिटभर कुडकुडून चरबी झडत नाही.

आयुर्वेदाचं नाव घेणाऱ्यांनी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातला दिनचर्येचा अध्याय उघडून बघावा. तिथं म्हटलंय की गरम पाणी मानेखालच्या शरीराला बळ देतं, डोक्यावर घेतलं तर केस आणि डोळ्यांचं बळ घटवतं. म्हणजे अंगाला गरम पाणी चालतं, नव्हे, चांगलं. पडसं, अजीर्ण, जुलाब किंवा तोंड वाकडं होण्याचा वात असलेल्यांना तर आंघोळच नको म्हटलंय. ‘सगळ्यांनी रोज, थंडच’ असं त्यात नाही.

आणि पाच मिनिटांचा शॉवर म्हणजे सहज चाळीसेक लिटर पाणी. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलुखात असा सल्ला देताना जरा विचार हवा होता.

धडधाकट तरुणाला थंड पाण्यानं तरतरी वाटत असेल तर त्यानं खुशाल घ्यावं. कढत पाण्यानं कातडी कोरडी पडते, त्यापेक्षा ते बरंच. बाकीच्यांनी कोमट पाणी घ्यावं, आणि गोळी डॉक्टरांना विचारूनच कमी-जास्त करावी.

थंड पाणी खरोखर जीव वाचवतं ते मे महिन्यात, आणि तेव्हा हेच ग्रुप ‘उन्हातून आलेल्याच्या अंगावर थंड पाणी टाकू नका, नस फुटेल’ असं पाठवत असतात. नांदेड-परभणीच्या उन्हात शेतात काम करताना माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन लावा. तोवर सावलीत घ्या, कपडे सैल करा, असेल त्या पाण्यानं अंग भिजवत राहा आणि वारा घाला. बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.