पोराला आधी मोठं करा

अभिनंदन! एका गाजलेल्या किशोरकादंबरीचे हक्क तुमच्या पदरात पडले आहेत. पुस्तक वाचलेलं नसेल तर उत्तमच. वाचलं असेल तर जरा अवघड आहे, कारण मग त्यातलं काहीतरी तुम्हाला आवडलेलं असणार आणि नेमकं तेच काढून टाकायचंय. पुढचे सल्ले माझ्या मनाचे नाहीत, भल्या भल्या स्टुडिओंनी पाण्यासारखा पैसा ओतून ते सिद्ध केलेत. मी आपली आधी पुस्तक वाचून मग थिएटरात जाऊन बसणारी बाई, म्हणजे तुमच्या धंद्यातलं सगळ्यात कटकटीचं गिऱ्हाईक.

सुरुवात वयापासून करा. बारा वर्षांचं पोर फार गैरसोयीचं असतं. त्याला प्रेमात पाडता येत नाही, सेटवर त्याच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले असतात आणि दुसऱ्या भागाची जुळवाजुळव होईतो त्याला मिसरूड फुटते. रिक रायर्डनच्या २००५ सालच्या पुस्तकातला पर्सी जॅक्सन बारा वर्षांचा आहे. अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे नाचतात, एकही शाळा त्याला टिकू देत नाही, आणि एक दिवस कळतं की आपला बाप समुद्राचा देव आहे आणि इतकी वर्षं त्याने आपली साधी चौकशीही केलेली नाही. या वयात पोरगं आई परत आणायला पाताळात उतरतं तेव्हा वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. २०१० च्या सिनेमात तो चांगला सतराच्या घरात नेऊन ठेवला. पाताळात तोही उतरतो, पण केस छान दिसतात.

वय वाढवलंत तर मूळ वाचकच तुटेल, असं रायर्डनने निर्मात्यांना आधीच लिहून कळवलं होतं. ती पत्रं त्याने पुढे २०१८ मध्ये जगजाहीरही केली. दोन सिनेमांत गाडी थांबली. मग डिसेंबर २०२३ मध्ये लेखकाला हाताशी धरून आणि खरोखरच्या लहान मुलाला घेऊन मालिका काढली. लेखकाचं म्हणणं पटायला जितकी वर्षं गेली तेवढ्यात एक पर्सी जन्मून बारा वर्षांचा झाला असता. पण तुम्ही घाई करू नका.

आपल्याकडेही हा मंत्र पोचलाय. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे ऊर्फ फाफे, हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल हाणणारा काटकुळा शाळकरी पोरगा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फाफे झाला तेव्हा तो निदान शाळेच्या आसपासच्या वयाचा होता. २०१७ च्या सिनेमात फाफे मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि तो साकारणारा अमेय वाघ तिशीला टेकलेला. आता शाळकरी पोराने पेपरफुटीच्या टोळीमागे लागणं कुणाला पटलं नसतं, हे मान्य. (सिनेमा मला आवडला होता. हे आपल्या दोघांतच राहू द्या, माझी पत जाईल.) तुमच्यासाठी त्यातला खरा धडा वेगळाच आहे. त्यांनी चक्क भागवतांनाच सिनेमातलं एक पात्र करून टाकलं आणि त्या भूमिकेत दिलीप प्रभावळकरांना बसवलं. लेखकाचा याहून सभ्य बंदोबस्त मी कुठे पाहिलेला नाही. पडद्यावरचा लेखक निर्मात्याला पत्रं लिहीत नाही.

उलट टोकाचा इशारा म्हणून 'शाळा' बघा. मिलिंद बोकिलांची नववीतली, आणीबाणीच्या काळातली पोरं सुजय डहाकेने शाळकरी वाटतील अशीच ठेवली, गावही गावासारखं ठेवलं. परिणाम काय? सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि वर रूपांतरित पटकथेचाही. बसा आता प्रशस्तिपत्रं भिंतीवर टांगून.

दुसरा सल्ला: शेवटच्या पुस्तकाचे दोन तुकडे करा. हॅरी पॉटरवाल्यांनी २०१० आणि २०११ मध्ये केले, ते निदान जाडजूड पुस्तक होतं. मग 'ट्वायलाइट'च्या चकाकणाऱ्या व्हॅम्पायरांनी केले. मग जो तो करू लागला. 'डायव्हर्जंट'च्या तिसऱ्या पुस्तकाचा पूर्वार्ध २०१६ मध्ये आला आणि सपशेल आपटला. उत्तरार्ध टीव्हीवर दाखवू म्हणाले, तोही शेवटी निघालाच नाही. आता गंमत अशी की कादंबरीत नायिका शेवटी मरते. लेखिकेने मन घट्ट करून मारलं होतं तिला, वाचक ढसाढसा रडले होते, काही तर लेखिकेवरच उखडले होते. पडद्यावर मात्र ती अर्ध्या पुस्तकात ठणठणीत उभी आहे. गल्ल्याने कुणाला असं जीवदान दिल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता मुख्य धडा, इथे वही काढा. पुस्तकात राग असतो. पंधरा-सोळाव्या वर्षी तो असतोच आणि चांगली किशोरकादंबरी त्याला पत्ता देते: हा बघ, रागवायचं तर यांच्यावर रागव. तुमचं काम तो पत्ता खोडून तिथे दुकानाचा पत्ता घालणं.

हे 'हंगर गेम्स'इतकं सफाईने कुणी केलेलं नाही. सुझन कॉलिन्सच्या २००८ च्या कादंबरीत बारा जिल्ह्यांतून बारा ते अठरा वयाची चोवीस मुलं चिठ्ठ्या टाकून उचलतात. त्यांना एका रिंगणात सोडतात आणि एक उरेपर्यंतची मारामारी राजधानीतली मंडळी टीव्हीवर चवीने बघतात. पण कादंबरी उभी आहे ती भुकेवर. घरात दाणा नसेल तर पोराने आपल्या नावाची एक चिठ्ठी जास्त टाकायची, बदल्यात एका माणसापुरतं वर्षाचं बेताचं धान्य आणि तेल मिळतं. घरात जितकी तोंडं तितक्या चिठ्ठ्या घेता येतात, आणि त्या दरवर्षी साचत जातात. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची, तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या झाल्यात, तिच्या मित्राच्या, गेलच्या, बेचाळीस. म्हणजे चिठ्ठी नशिबाची नव्हेच, ती रेशनकार्डाची आहे. ज्याचं पोट रिकामं त्याचं पोर मरणार, हा हिशेब कादंबरी शांतपणे मांडून दाखवते. सिनेमात गेलला विचारतात, किती? तो म्हणतो, बेचाळीस. पुढचा सीन. छान आटोपलं! धान्य-तेलाचा हिशेब समजावत बसलं की पॉपकॉर्न गिळवत नाही.

भूक अशी बाजूला सारली की जाहिरातीला ऐसपैस जागा होते. दुसऱ्या भागात राजधानीतली एक मेजवानी आहे. तिथले लोक गळ्यापर्यंत जेवतात, एक पेय पिऊन सगळं ओकून टाकतात आणि पुन्हा ताट भरून घेतात. तिकडे कॅटनिसच्या जिल्ह्यात माणसं उपाशी मरतायत. तो सिनेमा २०१३ मध्ये आला, तेव्हा त्याच्या नावाने सबवेने झणझणीत सँडविचं विकायला काढली. कव्हरगर्लने राजधानीच्या नावाची मेकअपची मालिका आणली, एकेका जिल्ह्याच्या नावाने वेगवेगळी रंगरंगोटी, त्यात कोळशाच्या खाणीवाला जिल्हाही आला. आणि नातेवाईक दुबईला असतील तर मोशनगेट पार्कात चक्कर टाकाच. मुलांना मरायला घेऊन जाणाऱ्या त्या राजधानीच्या आगगाडीच्या नावाने तिथे झोकदार रोलर कोस्टर आहे. पोरं हात वर करून ओरडतात, आईबाप खालून व्हिडिओ काढतात. कॉलिन्सबाई वाचकाला ज्या प्रेक्षकांची किळस यावी म्हणून एवढ्या खपल्या, त्या प्रेक्षकांच्या खुर्च्यांचीच तुम्ही तिकिटं लावायची आहेत.

प्रेमाचा त्रिकोणही विसरू नका. रिंगणातल्या गुहेत कॅटनिस तिच्याच जिल्ह्यातून चिठ्ठी निघालेल्या जखमी पीटाचा मुका घेते आणि आकाशातून इवल्या पॅराशूटला बांधलेलं गरम सुपाचं भांडं उतरतं. तिला व्यवहार कळतो: प्रेक्षकांना प्रेम दाखवलं तर खायला मिळेल. ती उपाशी आहे, म्हणून दाखवते. कादंबरीतलं प्रेम हे असं जिवावर बेतलेलं नाटक आहे, आणि त्यातलं नाटक किती अन् खरं किती हे तिचं तिलाही धड कळत नाही. तुम्ही यातलं काही मनावर घेऊ नका. सरळ विचारा: तुम्ही पीटाच्या बाजूचे की गेलच्या? राजधानीतले प्रेक्षकही याच उत्साहाने बघत होते, पण पुस्तक वाचल्याशिवाय ते कळत नाही आणि वाचणारे किती, हे आपल्याला माहीत आहे.

वाचणारेसुद्धा नेहमी वाचतातच असं नाही, त्यामुळे धीर सोडू नका. रू नावाची बारा वर्षांची मुलगी पुस्तकात गडद सावळ्या कातडीची आहे, तसं स्वच्छ लिहिलंय. २०१२ मध्ये पडद्यावर कृष्णवर्णीय मुलगी दिसली तेव्हा ही आमची रू नव्हे, म्हणून पुस्तकाच्याच कित्येक चाहत्यांनी ट्विटरवर गळा काढला. तीच मंडळी एरवी 'पुस्तकाशी प्रामाणिक राहा' म्हणून तुमचं डोकं खातात. यापुढे तशी तक्रार आली तर नम्रपणे पान क्रमांक विचारा.

एवढ्यावर थांबलात तर मात्र मागे पडाल, कारण धंदा पुढे गेलाय. याच मालिकेचं नवं पुस्तक येणार असं जून २०२४ मध्ये जाहीर झालं आणि पाठोपाठ त्याच्या सिनेमाची तारीखही, नोव्हेंबर २०२६. पुस्तक वाचकांच्या हातात पडलं मार्च २०२५ मध्ये. विषय काय, तर सत्ताधारी कॅमेऱ्याने टिपलेलं कसं कापून, जोडून, सोयीचं करून लोकांना दाखवतात. म्हणजे हक्क विकत घेण्यासाठी कादंबरी लिहून होण्याची वाट बघण्याचे दिवसही गेले. आधी तारीख टाका, लिपस्टिकचे रंग पक्के करा, सँडविचवाल्यांशी बोलून घ्या. नायिका सतराची हवी की एकोणीसची, तेवढं मात्र लेखिकेला वेळेत कळवा, म्हणजे तिलाही लिहायला बसता येईल.