कम्प्लीशनची फाइल प्रीफिक्सच्या बाहेर का जावी?

शेल कम्प्लीशनच्या, म्हणजे टॅब दाबल्यावर कमांड पूर्ण करून देणाऱ्या, फाइली कुठे बसवाव्यात, याविषयी नागपुरातील लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांत आणि प्रोग्रॅमरांत एक सल्ला फिरतो आहे. बिल्डने पीकेजी-कॉन्फिगला (बसवलेल्या पॅकेजांची माहिती देणाऱ्या साधनाला) बॅश-कम्प्लीशनची जागा विचारावी आणि प्रीफिक्स, म्हणजे प्रोग्रॅम जिच्याखाली बसवायचा ती मूळ डिरेक्टरी, काहीही असो, उत्तर येईल तिथेच फाइल टाकावी, असे तो सांगतो. एरवी शेलला फाइल सापडत नाही, पॅकेज करणाऱ्यांची अडचण होते आणि सर्व शेलांसाठी एकच पद्धत उरत नाही, ही त्यामागची कारणे दिली जातात. यातले एकही कारण मला पटत नाही.

शेलला फाइल सापडत नाही, हे पहिले म्हणणे. बॅश-कम्प्लीशन आज कमांडच्या नावाची फाइल टॅब दाबल्यावरच शोधते, आणि हा शोध वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतील .लोकल/शेअर/बॅश-कम्प्लीशन/कम्प्लीशन्स येथेही होतो. एक्सडीजी डेटा डर्स हे सामायिक डेटाच्या डिरेक्टरींची यादी देणारे व्हेरिएबल रिकामे असेल, तर /यूएसआर/लोकल/शेअर आणि /यूएसआर/शेअर या दोन्ही जागा पाहिल्या जातात. म्हणजे होममधील .लोकल, /यूएसआर/लोकल आणि /यूएसआर या प्रचलित प्रीफिक्सपैकी कोणताही निवडला तरी फाइल सापडतेच. उलट सल्ला पाळला तर काय होते, ते येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सामायिक सर्व्हरवर पाहावे. विद्यार्थ्याजवळ रूटचा अधिकार नसतो, म्हणून तो होममधील .लोकल हा प्रीफिक्स देऊन बिल्ड करतो. बायनरी बसते, मॅन पेज बसते, आणि एका कम्प्लीशनच्या फाइलीसाठी /यूएसआरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही म्हणून मेक इन्स्टॉल तिथेच थांबते. प्रीफिक्स हे वापरकर्त्याला दिलेले वचन आहे, आणि ज्याच्या हाती कमीत कमी अधिकार आहेत त्याच्याच बाबतीत ते मोडावे, हे मला अन्यायाचे वाटते. ऑटोमेक या बिल्डच्या साधनातील डिस्टचेक या चाचणीमध्येही तात्पुरता प्रीफिक्स दिला जात असल्यामुळे असा बिल्ड तिथेही अडखळतो.

पॅकेज करणाऱ्यांची अडचण मुळात होतच नाही. डेबियन किंवा फेडोराचे पॅकेज /यूएसआर हाच प्रीफिक्स देते, त्यामुळे डेटाडिरच्या (प्रीफिक्सखालील शेअर डिरेक्टरीच्या) पुढे बॅश-कम्प्लीशन/कम्प्लीशन्स जोडले की तीच जागा मिळते. डेस्टडिर, म्हणजे पॅकेज बनवताना सर्व पाथांच्या आधी जोडली जाणारी तात्पुरती डिरेक्टरी, त्यापुढे आपले काम नेहमीप्रमाणे करतो. निक्स या पॅकेज व्यवस्थेमध्ये तर प्रत्येक पॅकेजचा प्रीफिक्स वेगळा असतो आणि दुसऱ्याच्या डिरेक्टरीत लिहिताच येत नाही. शिवाय केवळ एक पाथ कळावा म्हणून बिल्डच्या मशीनवर बॅश-कम्प्लीशन बसवून ठेवण्याची अटही जागा डेटाडिरवरून काढल्याने सुटते.

एकच पद्धत, हा मुद्दा झेडशेलपाशी संपतो, कारण तिथे पीकेजी-कॉन्फिगला विचारण्याची सोयच नाही. तिथे शेअर/झेडएसएच/साइट-फंक्शन्स, आणि फिशसाठी शेअर/फिश/व्हेंडर_कम्प्लीशन्स.डी, या जागा डेटाडिरवरूनच काढता येतात. होममध्ये बसवलेली झेडशेलची फाइल आपोआप सापडत नाही, हे खरे आहे. ती डिरेक्टरी कॉम्पिनिट (झेडशेलची कम्प्लीशन सुरू करणारी कमांड) चालण्यापूर्वी एफपाथमध्ये, म्हणजे झेडशेल फाइली शोधते त्या डिरेक्टरींच्या यादीत, जोडावी लागते, आणि तेवढी एक ओळ रीडमीमध्ये लिहिणे हे प्रकल्पाचे काम आहे. डेबियनमध्ये पॅकेजांच्या झेडशेल फाइली व्हेंडर-कम्प्लीशन्समध्ये जातात, म्हणून प्रत्येक शेलची डिरेक्टरी कॉन्फिगर करताना बदलता येईल असा वेगळा पर्यायही बिल्डमध्ये ठेवावा.