माझा स्पीड बासष्ट होता त्याची गोष्ट

चाळिशी ओलांडली की बेळगावच्या माणसाला दोन वेड लागतात, एक म्हणजे गावाकडं शेतात फार्महाऊस आणि दुसरं म्हणजे कोल्हापूरवाल्यांचं बघून ट्रायथलॉन. फार्महाऊसला पैसे नव्हते. २०१९ साली गोव्यात मिरामारला ती हाफ आयर्नमॅन नावाची ट्रायथलॉन रेस पहिल्यांदा झाली तेव्हापासून डोक्यात किडा होता, १.९ किलोमीटर पोहायचं, ९० सायकल, मग २१ पळायचं, आणि चोर्ला घाट उतरलं की गोवा, म्हणजे आमच्या दारातच की. तर पुण्याच्या एकाकडून सेकंडहँड ट्रायथलॉन बाईक घेतली. हँडलवर कोपर टेकून पुढं झोपायचं असतं, मागनं बघणाऱ्याला वाटतं काहीतरी पडलंय ते हुडकालाय.

बाईकसोबत हँडलवर लावायचा, स्पीड-अंतर दाखवणारा बारका कॉम्प्युटर आला आणि एका पिशवीत सेन्सर. कॉम्प्युटरमध्ये जीपीएस असतं, मग सेन्सर कशाला असं बायकोनं विचारलं, रास्त प्रश्न. पण आमच्याकडं जून लागला की पाऊस सप्टेंबरपर्यंत गप बसत नाही, मग सायकल घरात ट्रेनरवर, म्हणजे चाक जागच्या जागी फिरतं त्या स्टँडवर, लावायची, तिथं जीपीएसच्या मते तुम्ही दोन तास हॉलमध्येच आहात (जे खरंच आहे). आणि चोर्ल्याच्या झाडीत सॅटेलाइटलाही आपण कुठं आहोत ते नीट कळत नाही. म्हणून मागच्या चाकाला सेन्सर.

काम सोपं असतं म्हणे. स्पोकला एक बारकं लोहचुंबक, चेनच्या विरुद्ध बाजूच्या दांडीला सेन्सर, चुंबक दर फेरीला सेन्सरसमोरनं गेलं की आतला बारका स्विच टिक करतो, टिकला चाकाच्या घेरानं गुणलं की अंतर. दोघांत फट चार-पाच मिलिमीटर ठेवायची. पण हे सगळं साध्या सायकलला. माझ्या बाईकची दांडी हवा कापायला म्हणून चपटी आणि हातभर रुंद, केबल टाय पुरेना, दोन टाय एकाला एक जोडले तर गाठ बरोबर टाचेला लागाय लागली. आणि स्पोक गोल नाहीत, पट्टीसारखे चपटे, चुंबकाच्या खाचेत जाईनात. शहापुरातल्या आमच्या जुन्या सायकलवाल्याकडं नेली. त्यानं चष्मा वर करून चुंबक बघितलं आणि म्हणाला, "इदु याक बेकरी?" हे कशाला पाहिजे, एवढंच विचारलं त्यानं, आणि खरं सांगायचं तर मला धड उत्तर देता आलं नाही.

शेवटी उद्यमबागला, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, गेलो. बेळगावात कुठलीही गोष्ट बसत नसली की उद्यमबाग. माझ्या शाळेतल्या दोस्ताचं तिथं मशीन शॉप आहे, मोटरपंपाचे पार्ट करतो, मायक्रॉनखाली बोलत नाही. त्यानं चाक हातात घेतलं, एकदा गरागरा फिरवलं, व्हर्नियर लावला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, ठेव, उद्या ने. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पितळेची इतकी सुबक क्लिप, कडा घासून पॉलिश केलेली, की बायकोनं बघितली असती तर कानात घातली असती. पैसे घेतले नाहीत. काय केलंस ते विचारलं तर नुसता हसला, "चालव की, मग सांग."

आता राहिला घेर. कॉम्प्युटर म्हणतो मी ऑटो करतो, जीपीएसवरनं घेर माझा मी काढतो. पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या कोल्हापूरच्या एका आयर्नमॅननं सांगितलं होतं की ऑटो-बिटो बोगस, घेर स्वतः मोजायचा, सायकलवर बसून. टायर २५ चा, तक्त्यात घेर २१०५ मिलिमीटर, पण माणूस बसला की टायर दबतो, घेर कमी भरतो. मग पडवीत डायनिंग टेबल बाजूला सारून मी हँडलवर पसरलो, बायकोनं मागनं सीट धरली आणि टायरला खूण करायला आईकडं चुना मागितला. आईनं चुना दिला नाही, ओलं कुंकू आणलं, म्हणाली गाडी घरात आली तेव्हा पूजा राहिलीच होती. कुंकवाचा ठिपका टायरवर, तो जमिनीला लागेल, एक फेरी, दुसरा ठिपका, मधलं अंतर मोजायचं. मी हळूहळू पुढं सरकलो आणि फच्च. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. पहिला आकडा २१३१ आला, त्यात लिंबाचा वाटा किती ते आता कळणं अवघड.

लिंबू पुसून परत. टेप शिंप्याची, दीड मीटरला संपते, मग मधे पेन्सिलीची खूण करून दुसऱ्यांदा लावली. २०९६. तिसऱ्यांदा मोजलं, २०९६. मी खूश. बायकोला समजावलं की हे नऊ मिलिमीटर आज सापडले नसते तर ९० किलोमीटरच्या रेसमध्ये ३८५ मीटरचा फरक पडला असता. तिनं दोन मिनिटं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अहो, तेवढं तुम्ही चालत गेला असता की. टेबल जागेवर ठेवा."

रविवारी पहाटे वेंगुर्ला रोड. हिंडलगा ओलांडलं आणि बघतो तर स्क्रीनवर ४६. म्हटलो पुण्याच्या बाईकची गोष्टच वेगळी. सुळग्याच्या पुढं ५०. एका उतारावर ६२! दोन हजार बावीस साली इटलीच्या फिलिपो गन्नानं एका तासात ५६.७९२ किलोमीटर मारून रेकॉर्ड केला, तो पण बंद ट्रॅकवर, त्याला समोरनं म्हशी आल्या नव्हत्या. मला आल्या होत्या. तरी बासष्ट. छाती भरून आली, थोडी दमामुळं पण बरीचशी अभिमानानं, आणि मी तोंड खाली घालून असा पसरलो की बस.

तेवढ्यात मागनं हॉर्न. टीव्हीएसवर दोन्हीकडं दुधाचे कॅन लावलेला एक मामा शेजारनं गेला, एका हातानं टोपी सावरत. माझ्या स्क्रीनवर छप्पन्न. मी स्वतःला समजावलं की मामा लई घाईत असणार.

बाची गेलं, हद्द ओलांडून महाराष्ट्रात शिनोळीला चहाला थांबलो, तर अंतर ३१ किलोमीटर. आता बघा, हद्द कुठनं कुठं जाते यावरनं आमच्याकडं १९५६ पासून वाद चाललाय, २००४ पासून तो सुप्रीम कोर्टात आहे, पण बेळगावपासनं शिनोळी पंधराएक किलोमीटर आहे याबद्दल आजवर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. ते मी मोडलं. पण त्या क्षणी हे कुठं सुचतंय, मी चहा यायच्या आधी ४९.२ ॲव्हरेजचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून मोकळा, खाली "हळूहळू जमतंय" असं नम्रपणे लिहून.

घरी येऊन चाक धुताना दिसलं. एक पितळी क्लिप इथं आणि बरोबर समोरच्या स्पोकवर दुसरी, तशीच सुबक, तसंच चुंबक घातलेली. फोन लावला. दोस्त म्हणाला, "मग? एका बाजूला वजन टाकलं तर चाकाचा बॅलन्स जातोय की. आम्ही रोटर असा सोडतोय काय?" मी म्हटलो अरे त्यानं एका फेरीला दोन टिक पडतात, स्पीड डबल दाखवालाय. तो जरा गप्प झाला. मला वाटलं ओशाळला. तो हिशोब करत होता. "मग घेर अर्धा घाल. १०४८."

घातला. आणि सांगायला लाज वाटते, पण बरोबर चाललंय. अंतर बरोबर, स्पीड बरोबर, म्हणजे चोवीस-पंचवीस, दूधवाले मामाही आता हॉर्न न मारता जातात, आणि चाक लोण्यासारखं फिरतं. कोल्हापूरच्या त्या आयर्नमॅननं स्क्रीनशॉटखाली तेवढा एकच प्रश्न विचारलाय, "कुठल्या गाडीत बसून?" आणि डिलीट फॉर एव्हरीवनची मुदत मंगळवारीच संपली.