सोलरचं अनुदान पॅनेलला नको, युनिटला द्या

घरावर ३ किलोवॅट सोलर बसवलं की पीएम सूर्यघर योजनेतून केंद्राचे ७८,००० रुपये मिळतात. पहिल्या दोन किलोवॅटना ३०-३० हजार, तिसऱ्याला १८. यंत्रणा उभी राहिली, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) लागला, तपासणी झाली की रक्कम खात्यात. पुढची पंचवीस वर्षं ती यंत्रणा किती वीज देते, याच्याशी त्या ७८ हजारांचा काडीचा संबंध नाही. माझा आक्षेप एवढाच आहे.

हे आपल्या कोल्हापूरच्या शेजारीच एकदा होऊन गेलंय. नव्वदच्या दशकाच्या शेवटी साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा खर्च कंपनीच्या नफ्यातून घसारा म्हणून झटपट वजा करता यायचा. नंतर बरीच वर्षं हा दर ८० टक्के होता. चक्की फिरली काय, न फिरली काय, करबचत सुरुवातीलाच पदरात. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रानं युनिटमागे ५० पैसे देणारी योजना आणली आणि मग ‘तिथं वारा किती आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा झाला. २०१२ मध्ये दोन्ही सवलती एकदम थांबल्या आणि देशभर नवी उभारणी धाडकन खाली आली. म्हणून सवलती बंद करा असं मी म्हणत नाही. त्या कशावर द्यायच्या, ते बदला.

घरच्या छताचा हिशोब बघा. आपल्याकडे १ किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं, म्हणजे ३ किलोवॅटचे ४,२००. एप्रिलमध्ये दिवसाला १४-१५ युनिट दिसतात. जुलैत ढग बसले की तेच पाच-सहावर येतं. हे धरूनच चालायचं. पण टाळता येण्यासारखं नुकसानही खूप असतं. तोंड दक्षिणेला आणि उतार १५-१७ अंश ठेवला, पण शेजारी पाण्याची टाकी! एका ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली पडली की तोटा सावलीच्या आकारापेक्षा कितीतरी मोठा होतो. साखर कारखाना जवळ असेल तर सीझनभर बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख बसते, ती आठवड्याला धुवावी लागते, आणि ते ऊन चढायच्या आत. अर्थिंगचे खड्डे तीन हवेत: डीसीचा (पॅनेलकडचा), एसीचा (घराकडचा) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा वेगळा. बसवणारे दोनात भागवतात आणि पहिल्याच वळवात इन्व्हर्टर जातो. गावाकडे आणखी एक गंमत: दुपारी लाइनचं व्होल्टेज वर चढलं की इन्व्हर्टर स्वतःच बंद पडतो. भर उन्हात उत्पादन शून्य, आणि मालकाला ते बिल आल्यावर कळतं.

७८ हजारांपैकी ४८ हजार आधी द्या आणि ३० हजार पाच वर्षांत युनिटवर द्या. पाच वर्षांचे २१,००० युनिट धरले तर युनिटला साधारण १ रुपया ४० पैसे पडतात. उत्पादनाची नोंद आजही होतेच, नवं काही शोधायला नको. १ किलोवॅट बसवणाऱ्या गरीब घराला मात्र सगळी रक्कम आधीच द्यावी. त्याच्याकडं पाच वर्षं थांबायला पैसे नसतात. बसवणाऱ्याचंही काही बिल या युनिटांशी बांधलं, तर टाकीची सावली त्यालाही दिसायला लागेल.

आता शेती. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी ५. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढं साडेसात. विहीर-बोअरवाल्या कोरडवाहू भागात योजना चांगलीच आहे. पंचगंगा-भोगावतीच्या काठावर मात्र गणित फिरतं.

५ एचपीच्या पंपाला साधारण ५ किलोवॅट पॅनेल. चांगल्या उन्हात त्यातून २२ युनिट. ४० मीटर उंचीवर एका युनिटमध्ये जेमतेम ४ हजार लिटर पाणी चढतं, म्हणजे दिवसाला ९० हजार लिटर. उसाला पाटानं एक पाणी द्यायला एकरी तीन लाख लिटर लागतात. म्हणजे एका एकराला सव्वातीन दिवस. नदीवरून दोन-तीन किलोमीटर पाइपलाइन नेऊन ८० मीटर चढवायचं असेल तर जवळजवळ सात दिवस! ठिबक असेल तर निभेल, पण अशा चढाला आपल्याकडं पाणीपुरवठा संस्था आहेत, त्यांच्या मोटारी ५०-१०० एचपीच्या. साडेसात एचपीच्या योजनेत त्या बसतच नाहीत. त्यात २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवा. मोटार उचलून वर आणता येते, काँक्रीटमध्ये रोवलेलं स्ट्रक्चर कुठं नेणार?

अशा संस्थांना उपयोग आहे तो फीडरच, म्हणजे सबस्टेशनहून शेतीला वीज नेणारी लाइनच, सौर करण्याचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० मध्ये सबस्टेशनजवळ प्रकल्प उभा राहतो, वीज दिवसा शेतीच्या फीडरवर जाते, दर युनिटला ३ रुपयांच्या आसपास. विकासकाला पैसे मिळतात ते दिलेल्या युनिटचे. पॅनेल धुतली नाहीत तर तोटा त्याचा. केंद्राची मेगावॅटला १ कोटी ५ लाखांची मदत आहे, ती भांडवली आहे हे खरं. पण उरलेली सगळी कमाई मीटरवर.

आणि पैसा वाचतो तो इथंच. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं वीज मोफत आहे. मोफत म्हणजे कुणीतरी भरतंय: काही सरकारी तिजोरी, काही क्रॉस सबसिडी, म्हणजे शेतीची वीज स्वस्त ठेवायला उद्योगांकडून घेतलेला चढा दर. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत एक टन लोखंड वितळवायला ६०० युनिटच्या आसपास लागतात. युनिटला एक रुपया जास्त म्हणजे टनाला ६०० रुपये. शेतीची वीज ३ रुपयांत मिळायला लागली की हा बोजा हलका होऊ शकतो. अनुदानाची गरजच कमी करणारं अनुदान दुसरं मला तरी दिसत नाही.

अडतं ते जमिनीवर. मेगावॅटला चार एकर लागतात, भाडं एकरी वर्षाला ५०,००० रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ. एकरी ४० टन ऊस ३,३०० नं गेला तर १ लाख ३२ हजार येतात. खर्च वजा जाता हातात राहतं ते भाड्याच्या वरच. शिरोळ, करवीरचा बागायतदार जमीन देणार नाही, आणि देऊही नये. मुरमाड माळ, गायरान, तेही पूररेषेच्या वर आणि सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत, एवढंच उरतं.

दुसरी अडचण ११ केव्ही लाइनची. लाइन ट्रिप झाली की प्रकल्पही बंद होतो, सुरक्षेसाठी तसंच हवं. त्यामुळं पावसाळ्याआधी फांद्या तोडल्या नाहीत तर ऊन असूनही वीज वाया.

संध्याकाळचं काय? सोलर सहाला संपतं, मागणी तेव्हाच चढते. कारखान्यांची बगॅसवरची वीज सीझनमध्ये रात्रंदिवस असते, उच्च दाबाचा बॉयलर असेल तर ती चांगली उरते. तिला संध्याकाळी ६ ते १० ला वेगळा, चढा दर द्या. दुपारच्या सोलरचा आणि रात्री आठच्या बगॅसचा युनिट एका तराजूत तोलणं म्हणजे मला हिशोबाची चूक वाटते.

गावात फीडर सौर करायची चर्चा असेल तर ग्रामसभेत आधी तीन गोष्टी विचारा: सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये किती क्षमता शिल्लक आहे, शेतीचा फीडर गावठाणापासून वेगळा झालाय का, आणि लाइन तुटली तर ती किती तासांत जोडायची, हे कुणी लिहून दिलंय का.