शिल्लक नेमकी किती, एवढंच सांगा की!

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घातलं की पट्टी हातात येते. वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती इतके. आमच्या आबांना चष्म्याशिवाय कळते. आणि माझ्या शेअर ब्रोकरचं ॲप? ओपनिंग बॅलन्स, अव्हेलेबल मार्जिन, युज्ड मार्जिन, कोलॅटरल, विड्रॉएबल बॅलन्स. अरे, पैसा एकच, त्याचं बारसं किती वेळा घालणार?

सोमवारी 50,000 चे शेअर विकले. अव्हेलेबल मार्जिनमध्ये, म्हणजे सौद्याला वापरता येतील अशा पैशांत, दिसले 40,000. वरचे 10,000 उंदरानं नेले का? तर म्हणे, आमच्याकडं विक्रीच्या 80 टक्क्यांवरच आज नवी खरेदी करता येते. बरं बाबा, ते 40,000 तरी काढू द्या. विड्रॉएबल: 0.00! त्या पॉइंटापुढच्या दोन शून्यांचा तर लईच राग येतो. म्हणे टी प्लस वन, सौद्याचे पैसे उद्या. इकडं खतवाला दारात उभा. त्याला काय टी प्लस वन सांगू?

शेअर गहाण ठेवले तर हेअरकट, म्हणजे त्यांच्या किमतीला कात्री. गावातला न्हावी तरी विचारून कापतो! कात्रीनंतर उरलेल्या कोलॅटरलवर, म्हणजे गहाणाच्या किमतीवर, फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा) घेऊन रात्रभर ठेवलं, तर निम्मं मार्जिन, म्हणजे सौद्याची अनामत, रोखीत हवं म्हणे. नाहीतर कमी पडलेल्या रोखीवर व्याज. मग वर ठळक अक्षरांत ‘अव्हेलेबल’ लिहिलं होतं ते कुणासाठी, शेजाऱ्यासाठी?

कस्टमर केअरला फोन लावला. वीस मिनिटं सनई ऐकवली, आन् पोरगी गोड आवाजात म्हणते, “सर, लेजर (खातेवही) बघितलं का?”

म्हणजे सहावं नाव!