'घरबसल्या महिन्याला पन्नास हजार': जरा हिशेब मांडू या

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज दोन महिन्यांत तिसऱ्यांदा फिरून आला. मजकूर तोच. मराठी वेबसाइट काढा, एक रुपया लागत नाही. दिवसाला हजार वाचक आले की महिन्याला पन्नास हजार सुटतात. ॲडसेन्स (वेबसाइटवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणारी गुगलची सेवा) मंजूर झालं की गुगल स्वतःच पैसे पाठवतं. लेख एकदा लिहिला की जन्मभर कमाई. आणि आता तर लिहायचीही कटकट नाही, एआय लिहून देतो. खाली डॉलरच्या आकड्यांचा स्क्रीनशॉट आणि ९९९ रुपयांच्या कोर्सची लिंक.

पहिल्या दोन वेळा मी गप्प बसलो. या वेळी बी.कॉम. झालेल्या पुतण्याने विचारलं, "काका, तुमची वेबसाइट आहेच. मी नोकरी शोधू की हेच करू?" आता लिहिणं भाग आहे. शेतीची आणि सातबारा-फेरफारची माहिती देणारी माझी वेबसाइट २०१८ पासून चालू आहे. त्याच वर्षी ॲडसेन्सच्या अधिकृत भाषांमध्ये मराठी आली. हिंदी चार वर्षं आधीच आली होती. जाहिरातींचे पैसे मिळतात, मलाही मिळतात. तेव्हा 'सगळं थोतांड आहे' असं मी म्हणणार नाही. मेसेजमधली एकेक ओळ घेऊ.

"एक रुपया लागत नाही." ही ओळ बरीचशी खरी आहे. गुगलच्या ब्लॉगरवर फुकटात सुरू करता येतं, वेबसाइटला स्वतःच्या नावाचा पत्ता (डोमेन) हवा तर वर्षाला हजाराच्या आसपास जातात. लागतो तो वेळ. पहिली दोन वर्षं रात्री जेवणं झाल्यावर मी लिहीत बसायचो, त्याची मजुरी अजून कुणी दिलेली नाही.

"दिवसाला हजार वाचक पुरे." खरी मेख इथे आहे. हजार माणसं रोज आली आणि दर तीन-चार जणांतल्या एकाने आणखी एक पान उघडलं, तर महिन्याला चाळीस हजार पानं होतात. माझ्यासारख्या मराठी वेबसाइटला हजार पानांमागे किती मिळतात? माझ्या वहीत हा आकडा अर्धा डॉलर ते एक डॉलर यांच्यामध्ये झुलत असतो. पाऊण डॉलर धरा. महिन्याचे झाले तीस डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर अडीच हजार. उलटा हिशेब केलात तर पन्नास हजारांसाठी महिन्याला पावणेआठ लाखांच्या वर पानं उघडली जायला हवीत, म्हणजे रोजची सव्वीस हजार. मेसेजवाल्याने शून्यं मोजताना डुलकी काढलेली दिसते.

भाव इतका कमी का, हे समजून घेतलं तर बाकी सगळं उलगडतं. पान उघडताना पडद्यामागे लिलाव होतो. समोर बसलेल्या माणसाला जाहिरात दाखवायला कोण किती देतो, याचा. जाहिरातदाराच्या शंभरातले, गुगलच्याच म्हणण्यानुसार, साधारण ६८ वेबसाइटवाल्याला मिळतात. तुमचा लेख कसा उतरलाय याच्याशी बोली लावणाऱ्याला फारसं देणंघेणं नसतं. तो वाचकाचा खिसा बघतो. फेरफार कसा काढायचा हे शोधत एसटी स्टँडवर मोबाइल घेऊन उभा असलेला शेतकरी कंपन्यांना मोठं गिऱ्हाईक वाटत नाही. तेच पान न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी माणसाने गावाकडच्या वाटणीपायी उघडलं, तर त्या एका भेटीला कितीतरी पट भाव येतो. लेख तोच, लिहिणारा तोच. दिवाळीत भाव वर जातो आणि जानेवारी उजाडला की धपकन खाली येतो, तेव्हाही मी काही वाईट लिहायला लागलेलो नसतो.

"मंजूर झालं की पैसे सुरू." मंजुरी म्हणजे बाजारात गाळा मिळाला, एवढंच. खात्यात दहा डॉलर जमले की घरचा पत्ता तपासायला साध्या टपालाने पिन, म्हणजे खात्यात भरायचा आकडा, येतो. माझं पाकीट शेजारच्या किराणा दुकानात पंधरा दिवस वह्यांखाली पडून होतं. बँकेची जाहिरात असेल असं त्यांना वाटलं. पुढे शंभर डॉलर भरल्याशिवाय दमडी हातात येत नाही. वरच्या हिशेबाने तीस डॉलर महिना, म्हणजे पहिला पगार चार महिन्यांनी. तोही महिना संपल्यावर पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान, आणि डॉलरचे रुपये करताना बँक आपला भाव लावणार.

त्यात घरचे मदतीला धावतात. माझ्या ओळखीतल्या एकाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, 'सगळ्यांनी रोज एकदा जाहिरातीवर टिचकी मारा.' मामा-मावश्यांनी इमानेइतबारे मारल्या. खातं बंद झालं, साठलेले पैसेही गेले. नियमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण वाचतो कोण!

"एकदा लिहिलं की जन्मभर कमाई." लाडकी बहीण योजनेची घोषणा २८ जून २०२४ ची. १ जुलैला अर्ज सुरू झाले आणि माझ्या पानावर झुंबड उडाली. पहिल्याच आठवड्यात वयाची अट ६० वरून ६५ झाली, पाच एकरांची अट गेली, १५ जुलैची मुदत ३१ ऑगस्टवर गेली. प्रत्येक बदलाला लेख उघडून दुरुस्त करायचा, नाहीतर कुणीतरी बाई जुनी अट वाचून अर्जच करायची नाही. त्या जुलैत वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम आली, हे कबूल. दिवाळीपर्यंत त्या पानावर चिटपाखरू नव्हतं. एकदा लिहून विसरलेला लेख वर्षभरात शिळा होतो. शिवाय आता गुगल बऱ्याच प्रश्नांचं उत्तर शोधपानावरच देतं. माणूस तिथूनच माघारी फिरला तर माझं पान उघडणार कुठून आणि लिलाव होणार कुठला?

"एआय लिहून देतो." मग तुमच्यासारख्या दहा हजार जणांनाही देतो. मार्च २०२४ मध्ये गुगलने नियम कडक केले: शोधात वर येण्यासाठी घाऊक पाडलेला मजकूर, मग तो माणसाने पाडलेला असो की यंत्राने, स्पॅम धरला जाईल. यंत्राची मदत घ्यायला माझी हरकत नाही, मीही घेतो. पण एकदा त्याने मला वारस नोंदीची अशी काही पद्धत लिहून दिली की आमचे तलाठी वाचून हसले असते.

राहिला स्क्रीनशॉट. तो सगळ्यात चांगल्या महिन्याचा असतो, खर्च वजा न करता. यूट्यूबची कमाईही ॲडसेन्सच्याच नावाने येते, ती त्यात मिसळली असेल तर तुम्हाला कळायचं नाही. आणि महिन्याला पन्नास हजार सुटत असतील तर ९९९ ला कोर्स विकायची वेळ का यावी? कोर्सची विक्री हाच त्यांचा धंदा आहे. वाचक म्हणून तुम्ही त्यांना आठ-नऊ पैशांचे, गिऱ्हाईक म्हणून ९९९ चे.

यावर कुणाचंच पोट भरत नाही का? भरतं. भरतीच्या जाहिराती आणि निकाल देणाऱ्या वेबसाइटी आहेत, त्यांच्याकडे पानं लाखांनी उघडतात. पण तिथे चार-पाच पोरं पहाटेपासून सरकारी पीडीएफ चाळत बसलेली असतात. ते दुकान आहे आणि दुकानासारखंच चालवावं लागतं.

पुतण्याला मी सांगितलं, नोकरी शोध, रविवारी माझ्याबरोबर बस. आणि माझी वही दाखवली. तिच्यात ॲडसेन्सच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आहे. तालुक्यातले एक रोपवाटिकावाले लागणीच्या हंगामात महिन्याला दोन हजार देतात, वेबसाइटवर एक फोटो आणि फोन नंबर, बस्स. माझे वाचक थोडे, पण रोपवाटिकावाल्यांना हवे असतात ते रोपं घेणारेच. गुगलकडून महिन्याभरात जे येतं, जवळपास तेवढं या एका फोटोचं. परवा त्यांचा फोन आला, "साहेब, पेरू काढा, आता सीताफळ टाका." म्हटलं, फोटो आडवा पाठवा. त्यांनी उभाच पाठवला.