क्रॉसओव्हर काढला की स्पीकर ॲक्टिव्ह झाला?

स्पीकरच्या बॉक्समध्ये पॅसिव्ह क्रॉसओव्हर नावाचा बोर्ड असतो: ॲम्प्लिफायरकडून आलेल्या आवाजातले खालचे सूर तो मोठ्या वूफरला आणि वरचे छोट्या ट्वीटरला वाटून देतो. घरच्या स्पीकरसाठी एक सल्ला सध्या जोरात फिरतो आहे: 'पॅसिव्ह क्रॉसओव्हर नुसती पॉवर खातो. तो काढून टाका, कंपनीने छापलेली क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी डीएसपीत (डिजिटल फिल्टर लावणाऱ्या यंत्रात) भरा, दर सप्तकाला २४ डीबी (डेसिबल) उतरणारा लिंकविट्झ-रायली उतार निवडा, वूफरला आणि ट्वीटरला वेगळा ॲम्प्लिफायर जोडा. आवाज लगेच सुधारतो आणि ताकद चौपट होते.' मी स्वतः अशाच, म्हणजे सुरांची वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधी करणाऱ्या ॲक्टिव्ह सेटअपवर ऐकतो आणि मला तो मनापासून आवडतो. म्हणूनच या सल्ल्यापायी कुणी धडधाकट स्पीकर बिघडवून बसला की जिवाला लागतं.

'पॉवर खातो' हे आधी घेऊ. वूफरच्या वाटेतल्या कॉइलचा रोध ०.४ ओहम धरला, तर ८ ओहमच्या वूफरवर नुकसान होतं जेमतेम ०.४ डीबी. ट्वीटरपुढचा रेझिस्टर जास्त खातो, पण तो मुद्दाम बसवलेला असतो. ट्वीटर बहुधा वूफरपेक्षा चार-पाच डीबी जोरात वाजतो, त्याला खाली आणायला.

खरी गडबड छापील आकड्याची आहे. एखादा टू-वे (वूफर आणि ट्वीटर असा दोघांचा) बॉक्स उघडून बोर्ड नीट बघा. नुसती वाटणी करायची तर दोन कॉइल आणि दोन कपॅसिटर पुरले असते. पण तिथे पांढरा सिमेंटचा रेझिस्टर दिसतो, वूफरची कॉइल पुस्तकी हिशेबापेक्षा मोठी निघते, कधी कॉइल-कपॅसिटर-रेझिस्टर असं त्रिकूटही सापडतं. ती मोठी कॉइल पुढच्या फळीची भरपाई करते. फळी २० सेंमी रुंद असेल, तर साधारण ५७५ हर्ट्झच्या आसपासपासून खालचा आवाज बॉक्सला वळसा घालून मागेही पसरू लागतो आणि समोर ६ डीबीपर्यंत कमी पोचतो. त्रिकूट बहुतेकदा वूफरच्या शंकूसारख्या पडद्याचा कर्कश उंचवटा दाबण्यासाठी असतं. हे सगळं उपटून डीएसपीत फक्त २५०० हर्ट्झ भरलं की आवाज पातळ आणि चिरका होतो. मग लोक ॲम्प्लिफायरला दोष देतात.

उताराचंही तसंच. लिंकविट्झ आणि रायली यांची १९७६ची ही रचना सुंदर आहे: क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीपाशी दोन्ही बाजू ६ डीबी खाली आणि बेरीज सपाट. पण तो उतार हवेतल्या आवाजाचा असायला हवा, डीएसपीच्या पडद्यावरचा नव्हे. ट्वीटर खालच्या बाजूला स्वतःच उतरत असतो, तो उतार तुमच्या फिल्टरमध्ये मिसळतो. शिवाय वूफरची व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) ट्वीटरपेक्षा ३ सेंमी मागे असेल, तर २५०० हर्ट्झला फेजमध्ये, म्हणजे दोन लाटांच्या तालमेळात, जवळजवळ ८० अंशांचा फरक पडतो. त्यासाठी ट्वीटरला ०.०९ मिलिसेकंदाच्या आसपास डिले (उशीर) द्यावा लागतो, आणि नेमका किती ते मापनाचा माइकच सांगतो. माझा सर्वांत जास्त विश्वास एका तपासणीवर आहे. माइक ऐकण्याच्या उंचीवर ठेवून ट्वीटरची पोलॅरिटी उलटी करायची (प्लस-मायनस अदलाबदल). मापनाच्या आलेखात क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीपाशी खोल, दोन्हीकडे सारखा खड्डा पडला तर जुळलं. उथळ किंवा तिरका पडला, तर डिले नाहीतर उतार चुकलाय.

'चौपट ताकद' यात तथ्याचा अंश आहे. खालच्या सुरांचे १० व्होल्ट आणि वरच्यांचे १० व्होल्ट एकत्र आले की एकाच ॲम्प्लिफायरला २० व्होल्ट द्यावे लागतात, म्हणजे ८ ओहमवर त्या क्षणी ५० वॉट. वेगळे केले तर प्रत्येकी १२.५ वॉट पुरतात. पण वरचे सूर सहसा इतके जोरकस नसतात, त्यामुळे फायदा बराच कमी होतो. त्यापेक्षा मोलाची गोष्ट ही, की वूफरचा ॲम्प्लिफायर क्लिप झाला (ताकद संपून लाटेची टोकं कापली गेली) तरी ती फाटकी लाट ट्वीटरपर्यंत जात नाही.

आणि या सल्ल्यात ट्वीटरच्या जिवाबद्दल एक अक्षर नाही! पूर्वी त्याच्या वाटेत कपॅसिटर होता. आता ॲम्प्लिफायर सुरू होतानाचा धक्का, बिघाडातला डीसी, चुकून अदलाबदल झालेली वायर, सगळं थेट व्हॉइस कॉइलवर. माझा एक ट्वीटर डीएसपीतल्या चुकीच्या प्रीसेटने (साठवलेल्या सेटिंगने) गेला. बेसचा एक ठोका आला आणि त्यानंतर तो गप्पच झाला. तेव्हापासून मी ८ ओहमच्या ट्वीटरला ३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत ठेवतो. तो ६०० हर्ट्झपासून अडवायला लागतो, २५०० च्या दोन सप्तकं खाली. मापनही तो जागेवर ठेवूनच करतो. ट्वीटरपुढचा रेझिस्टर ॲम्प्लिफायरची सुरसुर तेवढ्याच डीबीने दाबत होता, हेही तो काढल्यावरच कळतं. शांत खोलीत सुरसुर खटकली, तर तो खुशाल परत लावा.

हे करायचंच असेल, तर बोर्ड कापू नका. ड्रायव्हरच्या (वूफर आणि ट्वीटरच्या) वायर वेगळ्या टर्मिनलवर बाहेर काढा, बोर्ड जसाच्या तसा जपून ठेवा, आणि ॲम्प्लिफायर विकत घेण्याआधी माइक घ्या.